खुनाची कथा आणि स्त्रीची साक्ष



सांगली जिल्ह्यातील विटा हे गाव आपणांपैकी पुष्कळांस दोन गोष्टींमुळे ठाऊक असेल. एक, दसऱ्याच्या दिवशी तेथे होणारी पालख्यांची शर्यत. आणि दुसरी, गलाईचा धंदा. या खानापूर तालुक्यातील माणसे हिंदुस्थानभर पसरलेली आहेत, आणि जातील तेथे ती सोने-चांदी गाळण्याच्या भट्ट्या चालवितात. जुना दागिना मुशीत घालावा, वितळवावा, तेजाबाने त्यातील हीण काढावे, आणि उरलेले शुद्ध सोने धन्याच्या हाती द्यावे, असा हा धंदा. आजच्या माझ्या विषयाशी त्याचा वरवर पाहता काहीच संबंध नाही. परंतु घडलेल्या गोष्टींच्या कथा रचणारे लोकही एका अर्थी गलाईच करीत असतात. खरी हकीकत ते कल्पनेच्या मुशीत घालतात. तिच्यातील काही ठेवतात, काही टाकून देतात. प्रश्न एवढाच की, खऱ्या खुनाची कथा होते तेव्हा टाकले जाते ते हीण असते की सोने?

हा प्रश्न विट्याच्या मनुष्याला दूरचा वाटू नये असे एक प्रकरण जवळच घडलेले आहे. 1949 साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा होईपर्यंत विटा हे सातारा जिल्ह्यातच मोडत असे. पुढे 1960 साली त्या नव्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. त्या जुन्या साताऱ्यातच, कृष्णेच्या काठी, वाई आहे. 2016 च्या ऑगस्ट महिन्यात वाईनजीकच्या एका गावी स्वतःस डॉक्टर म्हणविणाऱ्या एका इसमावर सहा खुनांचा आरोप आला. सहांपैकी पाच स्त्रिया होत्या, आणि पहिला खून 2003 सालचा, असे पोलिसांचे म्हणणे होते. म्हणजे तेरा वर्षांच्या अवधीत एकामागून एक स्त्रिया नाहीशा होत गेल्या, आणि त्यांच्या नाहीसे होण्यामागे एकच सूत्र असेल हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

चार वर्षांनी, 2020 साली, मराठी दूरचित्रवाणीवर 'देवमाणूस' या नावाची मालिका सुरू झाली. तिच्यामागे वाईच्या या प्रकरणाची छाया आहे हे प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले. मालिका घरोघर पाहिली गेली, आणि लोकांस ती इतकी रुचली की तिचे पुढचे भागही निघाले. तीतील खलनायकाचे नाव, त्याचे बोलणे, त्याचे हसणे लहान मुलांच्या तोंडी झाले. आता आपण आपल्याच मनाला विचारून पाहावे: त्या पाच स्त्रिया काय काम करीत होत्या, त्यांच्या घरी कोण त्यांची वाट पाहत होते, त्या कशाला भुलल्या वा कशाला भ्याल्या, यांतील आपणांस काय आठवते? उत्तर बहुधा काहीच नाही असे येईल. हा दोष एका मालिकेच्या कर्त्यांच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. ही खोड फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास आपल्या मराठी मुलखातच चांगला शोधता येतो. तोच आज मला आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

1881 साली, मुंबई इलाख्याच्या सुरत जिल्ह्यात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली. वर अपील होऊन ती काळ्या पाण्यावर आली. तिच्या अपराधाबद्दल कायद्याने काय म्हणावयाचे ते म्हटले होते. परंतु तेवढ्याने समाजाचे समाधान झाले नाही. वृत्तपत्रांतून एकट्या विजयालक्ष्मीवरच नव्हे, तर एकंदर स्त्रीजातीवर आणि विशेषतः विधवांवर टीकेची झोड उठली. स्त्रिया मुळातच चंचल, स्त्रिया मुळातच अनीतिमान, असा सूर निघाला. ज्या विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद होती, तिला मूल झाल्यास ते लपविण्यावाचून दुसरा मार्ग कोणी ठेवला होता काय, आणि त्या मुलास बाप होता की नव्हता, हे प्रश्न त्या चर्चेत बहुतेकांस सुचलेच नाहीत.

ते सुचले वऱ्हाडातील बुलढाण्याच्या एका स्त्रीला. ताराबाई शिंदे यांनी या प्रकरणाने संतापून 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले, आणि 1882 साली ते पुण्यास छापले गेले. जे जे दुर्गुण तुम्ही स्त्रीच्या माथी मारता ते ते पुरुषांत नाहीत काय, अशी रोखठोक विचारणा त्यांनी त्यात केली आहे. त्या काळी या पुस्तकाचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना आपणांस करता येईल. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' मधून त्यांची बाजू उचलून धरली. परंतु पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा उजेडात आणले. मध्यंतरी नव्वदांहून अधिक वर्षे उलटली होती. स्त्रीवर घेतलेला आक्षेप त्याच दिवशी सर्वतोमुखी होतो, आणि तिने दिलेले उत्तर शतकभर फडताळात पडून राहते, हा योगायोग खास नव्हे.

विजयालक्ष्मी ही न्यायालयात आरोपी म्हणून उभी होती. परंतु जी स्त्री स्वतः घायाळ होऊन साक्षीदार म्हणून उभी राहते, तिच्या वाट्याला तरी निराळे काही येते काय? याचे उत्तर 1925 साली मुंबईस मिळाले.

त्या वर्षीच्या जानेवारीच्या 12 तारखेस, संध्याकाळच्या सुमारास, मलबार हिलवरून एक मोटार चालली होती. तीत अब्दुल कादर बावला हा धनाढ्य तरुण व्यापारी आणि मुमताज बेगम ही तरुण स्त्री बसली होती. मागून दुसरी मोटार आली, तिने या मोटारीस गाठले, आणि तिच्यातील माणसे उड्या टाकून बाहेर पडली. बावला गोळीबारात प्राणास मुकला. मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न झाला, आणि तिच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार करण्यात आले. इतक्यात गोल्फ खेळून परत येणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तेथे पोहोचले. त्यांच्यातील एकाने हातातील गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांशी झुंज दिली, स्वतः गोळ्या झेलल्या, आणि मुमताजला पळवून नेण्याचा बेत फसला.

मुमताज ही गाणाऱ्यांच्या घरातील. कोवळ्या वयात ती इंदूर दरबारी गेली, आणि तुकोजीराव होळकर महाराजांच्या पदरी राहिली. तेथून ती निसटली होती, आणि तिला परत नेण्यासाठीच हा हल्ला होता असे खटल्यात निष्पन्न झाले. मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे तो चालला. तिघांस देहान्ताची आणि चौघांस जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढील वर्षी, 1926 च्या फेब्रुवारीत, चौकशीस तोंड देण्यापेक्षा तुकोजीरावांनी राज्यत्याग पत्करला. एका गाणारीच्या पायी होळकरांची गादी गेली, असे लोक म्हणू लागले. या एका वाक्यात केवढा उलटा न्याय आहे हे पाहा! तिच्या 'पायी' गेली म्हणे. तिच्या चेहऱ्यावर वार करण्यास माणसे धावली त्यांच्या पायी नव्हे, तिला जिंदगी म्हणून वागविणाऱ्यांच्या पायी नव्हे, तर ज्या पायांनी ती स्वतःची सुटका करून घेण्यास निघाली त्या तिच्या पायी!

मुमताजने न्यायालयात जबानी दिली आहे. आपल्याला इंदुरास राहावयाचे नव्हते. आपल्याला झालेली मुलगी तेथे मारली गेली, आणि त्यानंतर तेथे राहण्याची आपली इच्छा उरली नाही, अशा आशयाचे तिने शपथेवर सांगितले. ही त्या सबंध प्रकरणातील, माझ्या मते, सर्वांत भयंकर गोष्ट होय. मुलगी गेलेली एक आई त्या वाड्यातून बाहेर पडू पाहते, आणि तिचा पाठलाग करीत माणसे मुंबईपर्यंत येतात; ही खरी कथा. पण ही कथा कोणी सांगितली? या खटल्याचे नावच 'बावला खून खटला' असे पडले. बावला मारला गेला, तेव्हा ते नाव अयोग्य आहे असे नव्हे. परंतु ज्या स्त्रीच्या स्वातंत्र्याकरिता हे सर्व घडले ती खटल्याच्या नावातसुद्धा उरली नाही. लोकांच्या स्मरणात राहिले ते महाराज, त्यांचे वैभव, ती गोल्फची काठी, आणि एका आरोपीच्या बचावास उभे राहिलेले बॅरिस्टर जीना. मुमताजबद्दल स्मरणात राहिले ते केवळ तिचे रूप.

आणि रंजनाचा धंदा या बाबतीत किती तत्पर असतो तेही पाहा. ज्या वर्षी खून झाला त्याच 1925 साली मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने, होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली, या प्रकरणावर बेतलेला एक चित्रपट काढला. त्याचे नाव 'कुलीन कांता'. कांता शब्दाबरोबर कुलीनतेचा प्रश्न चटकन यावा, ही गोष्ट मोठी सूचक आहे. हल्ला झालेली स्त्री कुलीन होती की नव्हती, हा प्रश्न आपल्याकडे असा सहजी उभा राहतो. हल्ला करविणारा कुलीन होता की नव्हता, हा मात्र सहसा राहत नाही. तो काळ मूकपटांचा होता. पडद्यावरील कोणालाच वाणी नव्हती. तथापि आज चित्रे बोलू लागून नव्वद वर्षांवर काळ लोटला, तरी अशा कथांतील बळी पडलेली स्त्री बव्हंशी मूकच राहिली आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

यानंतरचे एकच उदाहरण घेतो. 1972 ते 1974 च्या दरम्यान परभणी जिल्ह्यातील मानवत येथे गुप्तधनाच्या लोभापायी खुनांची एक मालिका घडली. मारल्या गेल्या त्या प्रामुख्याने मुली आणि स्त्रिया, बहुतेक गोरगरिबांच्या घरच्या. अमोल पालेकर यांनी 1981 साली त्यावर 'आक्रीत' हा चित्रपट काढला, आणि तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या आधारे 2024 साली एक मालिकाही आली. पहिल्यात अंधश्रद्धेची भीषणता दाखविण्याचा गंभीर हेतू आहे, दुसरीत तपासाच्या चिकाटीचे चित्र आहे. दोन्ही हेतू निंद्य नव्हेत. तरीही मानवत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिंपळाचे झाड येते, लोभी माणसे येतात, चतुर पोलीस अधिकारी येतो. शेतावर भाजी वा सरपण आणावयास गेलेली पोर येत नाही. कथेच्या रचनेत तिला एकच काम असते, ते म्हणजे मरण्याचे.

येथे कोणी विचारील की, मेलेल्या माणसाच्या चित्रणाने त्याचे आणखी काय बिघडणार? कथा ही कथा आहे. ती पाहून चार घटका मन रमते, आणि वर थोडी सावधगिरीही शिकावयास मिळते. शिवाय या मालिका आवडीने पाहणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या थोडी नाही. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. स्त्रिया अशा कथा पाहतात यात नवल नाही. ज्या वाटेने आपणांस जावे लागते तिच्यावर खड्डे कोठे आहेत हे जाणण्याची इच्छा कोणास नसते? परंतु कथेचा परिणाम कथेपाशी थांबत नाही, हीच तर अडचण आहे. याचा दाखला आपल्या न्यायालयांच्या इतिहासातच आहे.

1972 च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीने पोलीस ठाण्यातच आपणावर अत्याचार झाल्याची तक्रार केली. 1974 साली सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांस सोडून दिले, ते तिच्या पूर्वीच्या वर्तनावर शेरे मारून. उच्च न्यायालयाने त्यांस दोषी ठरविले. परंतु 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले, आणि तिच्या अंगावर जखमा नसणे हे संमतीचे लक्षण मानले. त्यावर 1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. देशभर स्त्रियांनी आवाज उठविला, आणि 1983 साली कायदा बदलला. त्याच वेळी अशा अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रीचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. आणि तरीही दैवदुर्विलास असा की, ज्या मुलीमुळे हा कायदा झाला तिच्या नावानेच ते प्रकरण कायद्याच्या पुस्तकांतून आजतागायत ओळखले जाते. मी ते येथे मुद्दाम उच्चारीत नाही.

न्यायाधीशांना तिच्या वर्तनाचे माप काढण्याची बुद्धी कोठून झाली? 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातच तशी सोय होती. अत्याचाराची तक्रार करणारी स्त्री सामान्यतः अनीतिमान आहे असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वसनीयता घालविण्याची मुभा त्यात आरोपीला दिलेली होती, आणि ते कलम वगळले गेले ते 2002 च्या सुधारणेने. एकशे तीस वर्षे हे कलम टिकले, कारण समाजाच्या मनातही तेच कलम लिहिलेले होते. आणि समाजाच्या मनातील कलमे कोण लिहितो? विधिमंडळ नव्हे. पोवाडे, नाटके, चित्रपट, मालिका, चावडीवरच्या गप्पा, याच ती लिहीत असतात. 'चांगल्या घरची बाई तिथे कशाला जाईल?' हे वाक्य कथेत एकदा खपले की ते पोलीस ठाण्यात खपते, आणि तेथे खपले की न्यायालयाच्या पायरीशी जाऊन उभे राहते.

माझे म्हणणे एवढेच आहे. बळी पडलेल्या स्त्रीला कथेत मूर्ख, लोभी वा स्वैर रंगविण्याने मृत व्यक्तीचा अवमान होतो हे खरे. परंतु त्याहून मोठे नुकसान जिवंत स्त्रीचे होते. उद्या एखाद्या गावची एखादी बाई सायंकाळी घरी परतत नाही, तेव्हा तिचा शोध घ्यावयाचा की 'गेली असेल कोणाबरोबर' म्हणून दार लावून घ्यावयाचे, हे त्या गावाने काल रात्री ऐकलेल्या कथेवर काही अंशी अवलंबून असते. शोधास एका दिवसाचा उशीर झाला तर कोणाचा तरी प्राण जातो. आणि जेथे खुन्याला तेरा वर्षे मिळतात तेथे काय होते, हे आपण पाहिलेच आहे.

मग अशा कथा सांगूच नयेत काय? असे मी म्हणणार नाही. त्या चार पंडितांचे पत्र हीसुद्धा एका अपराधाची कथाच होती, आणि ताराबाईंचे पुस्तकही एका खटल्यातूनच जन्मास आले. फरक इतकाच की, त्यांनी स्त्रीची झडती घेतली नाही, निवाडा करणाऱ्यांची घेतली. परदेशातलेही एक उदाहरण आहे. 1888 साली लंडन शहरात पाच स्त्रियांचे खून करणाऱ्या अज्ञात मारेकऱ्यावर आजवर शेकडो पुस्तके झाली, आणि त्या पाचही जणी वेश्या होत्या हे सर्वांनी गृहीत धरले. हॅली रूबेनहोल्ड या विदुषीने 2019 साली खुन्याला बाजूस सारून त्या पाच जणींचीच चरित्रे लिहिली, तेव्हा असे दिसून आले की त्यांतील तिघींबाबत तसा पुरावाच नाही. त्या दरिद्री होत्या, बेघर होत्या, कोणी व्यसनी होत्या. परंतु एकशे तीस वर्षे त्यांच्यावर जो शिक्का होता तो एका रंगतदार कथेने मारलेला होता.

यावरून अशा कथेची पारख करण्यास दोन साधे प्रश्न पुरतात असे मला वाटते. पहिला: कथा संपते तेव्हा मारलेल्या स्त्रीविषयी तिच्या मरणाखेरीज आपणांस काही कळलेले असते काय? दुसरा: तिच्या घरची माणसे ही कथा ऐकत बसली असती, तर सांगणाऱ्याने हेच शब्द वापरले असते काय? नाव सांगावे की लपवावे हा वादही याच दुसऱ्या प्रश्नाने बराचसा सुटतो. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिचे नाव तिच्या इच्छेवाचून उघड करणे हा अन्याय. आणि जिचा खून झाला तिचे अस्तित्वच पुसून टाकून केवळ खुन्याचे नाव गाजविणे हाही अन्यायच. दोन्ही ठिकाणी तिच्या वतीने दुसऱ्यानेच निर्णय केलेला असतो.

या प्रश्नांची उत्तरे मालिका रचणारे देतील तेव्हा देतील. प्रेक्षकाला मात्र ती आजच देता येतात, कारण काय पाहावे आणि पाहून झाल्यावर घरात काय बोलावे हे त्याच्याच हाती आहे. जेवणे आटोपल्यावर ज्या खोलीत आपण अशी कथा पाहत बसतो, तेथेच आपल्या मुलीही बसलेल्या असतात. आपण कोणत्या पात्राची कीव करतो, आणि कोणत्या पात्राला 'हिचीच चूक' म्हणतो, हे त्या मुकाट्याने ऐकत असतात. उद्या त्यांच्यावर प्रसंग आला तर त्या आपणांस सांगतील की लपवतील, हे त्या खोलीत ठरत असते.

विट्याच्या भट्टीपाशी परत येऊन बोलणे संपवितो. सोने गाळणाऱ्याच्या धंद्यात कचरा म्हणून काही नसते. सोनाराच्या दुकानातील केरसुद्धा झारेकरी चाळून घेतो, कारण त्यात सोन्याचे कण असतात हे तो जाणतो. बावला खटल्याच्या दप्तरात मुलगी गमावलेल्या मुमताजची जबानी शंभर वर्षे तशीच पडून आहे. महाराज गेले, खुनी गेले, 'कुलीन कांता'चा खेळही केव्हाच संपला. तिचे शपथेवरचे शब्द तेवढे उरले आहेत, आणि कोणी वेचून घेईल तर त्या सर्व केरात सोने म्हणण्याजोगे तेवढेच आहे.